गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी व ग्रामीण स्त्रीचा सहभाग : बार्शी ते स्व-नमुना संकलन

प्रस्तावना :

विसाव्या शतकात ज्या कर्करोगाची पूर्वावस्था ओळखणे वैद्यकशास्त्रास सर्वप्रथम साध्य झाले, तो गर्भाशयमुखाचा कर्करोग होय. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी पेशीपरीक्षणाची उपयुक्तता सिद्ध केली आणि पुढे ज्या पाश्चात्त्य देशांनी ती नियमितपणे राबविली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. भारतात मात्र ही पद्धती शहरी रुग्णालयांपलीकडे फारशी गेली नाही. काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ, सुसज्ज प्रयोगशाळा आणि दर काही वर्षांनी पुन्हा येणारी स्त्री, या तिन्ही गोष्टी ती गृहीत धरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. तंत्र उपलब्ध असूनही सहभाग का वाढला नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बार्शीचा वारसा :

या प्रश्नाचे ग्रामीण उत्तर शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने यांचा तीत पुढाकार होता. खेड्यात रोगी आपणहून रुग्णालयात येत नाही, हे ओळखून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगू लागले. परिणामी स्त्रिया रोगाच्या अलीकडच्या टप्प्यावर उपचारास येऊ लागल्या. नोंदणी हे मोजमापाचे साधन; बार्शीत ते लोकशिक्षणाचेही साधन ठरले, याची दखल इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही.

याच पायावर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया ५२ ग्रामसमूहांतून चार गटांत विभागल्या गेल्या : एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशीपरीक्षण, ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि तपासणीविना नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडलेला गट. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तुलनेच्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या फारशी वेगळी नव्हती (अनुक्रमे ३४,१२६ व ३१,४८८). आयुष्यात एकदाच केलेली चाचणीही मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे येथे प्रथमच सिद्ध झाले. तुलनेच्या गटास तपासणी न देणे नैतिकदृष्ट्या योग्य होते काय, हा वाद पुढे उद्भवला आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. ज्या ज्ञानावर आज जग विसंबते, त्याची किंमत मराठवाड्यातील काही कुटुंबांनी मोजली आहे.

सहभागाचा प्रश्न :

या चाचणीत निमंत्रित स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के सहभागी झाल्या. हे यश असामान्य होते. परंतु त्यामागे वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास, घरोघरी भेटी आणि प्रशिक्षित महिला कार्यकर्त्या होत्या. तरीही पाचांपैकी एक स्त्री आली नाही. वयाने मोठ्या आणि अल्पशिक्षित स्त्रिया तुलनेने मागे राहिल्या. ज्यांना धोका अधिक, त्याच दूर राहतात, ही या तपासणीची जुनी विसंगती होय.

भंडारा जिल्ह्याचा विचार केला तर अडचण अधिक स्पष्ट होते. हा धानाचा प्रदेश. रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत मजूर स्त्री तपासणीसाठी गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते. पवनी, लाखांदूर तालुक्यांतील गावांतून ग्रामीण रुग्णालय गाठणे म्हणजे प्रवासखर्च आणि सोबतीला माणूस. तपासणीस आडोसा, टेबल आणि महिला परीक्षक लागते. संकोच हे कारण सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात वेळ, पैसा आणि सोय ही कारणे त्याआड दडलेली असतात.

स्व-नमुना संकलन :

स्त्रीने नमुना स्वतः घ्यावा ही कल्पना नवी नाही. १९६२ मध्येच अमेरिकेत ह्यू डेव्हिस यांनी टपालाने पाठविता येईल असे पिपेट सुचविले होते. पेशीपरीक्षणासाठी गर्भाशयमुखाच्याच पेशी आवश्यक असल्याने तो मार्ग मागे पडला. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या संशोधनाने १९८० च्या दशकात एचपीव्ही हे कारण पुढे आले आणि स्थिती पालटली, कारण विषाणूचे अंश योनीमार्गातील स्रावातही सापडतात. तेव्हा डोळ्यांनी पाहण्याची गरज उरली नाही व घरीच काडी फिरविणे शक्य झाले. दक्षिण आफ्रिकेतील खायेलित्शा आणि मेडचल (तेव्हाचा आंध्र प्रदेश) येथील अभ्यासांनी या पद्धतीची उपयुक्तता दाखविली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीस प्राधान्य देऊन स्व-नमुनाही मान्य केला. भारत सरकारच्या २०१६ च्या कार्यचौकटीने मात्र ३० ते ६५ वयोगटासाठी पाच वर्षांतून एकदा ॲसेटिक आम्लाचीच पाहणी निवडली होती. खर्चाच्या दृष्टीने ती निवड समजण्यासारखी होती. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून चाललेल्या चाचणीत याच पाहणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटविले होते. परंतु ती पाहणी स्त्रीला केंद्रापर्यंत आणल्याविना होत नाही.

स्व-नमुन्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. उस्मानाबादेत वापरलेल्या प्रकारच्या जुन्या चाचण्या स्व-नमुन्यावर काहीशा कमी पडतात. पीसीआरवर आधारित चाचण्या डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या बरोबरीने चालतात. शिवाय चाचणी सकारात्मक आली की स्त्रीला पुन्हा त्याच टेबलाकडे, पुढील तपासणी व उपचारासाठी, जावे लागते. तेथे रस्ता, मजुरी आणि महिला परीक्षक यांचा प्रश्न परत उभा राहतो, जरी आता तो सर्वांपुरता न राहता थोड्या स्त्रियांपुरता राहतो. आणखी एक बाब अशी की, हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. पाकीट घेऊन येणारी आशा कार्यकर्ती त्याच गावची असते. अहवाल कोणाच्या हाती, कोणत्या शब्दांत पोहोचतो, यावर पुढच्या वेळी पाकीट उघडले जाईल की नाही हे ठरते.