शिंदीचा गोड रस आणि आबकारीचा कायदा

'शिंदी' म्हटले की आपल्याकडे आधी नशा आठवते, झाड नंतर. खरे तर शिंदी म्हणजे रानखजूर. नाशिकच्या आसपास ओढ्यांच्या काठी, शेताच्या बांधावर हे झाड आजही दिसते. फळ बारीक आणि सगळे बीच. पोरेच काय ती खातात. पण थंडीत त्याच्या खोडातून पहाटे उतरवलेला रस, म्हणजे नीरा, गोड आणि निर्मळ असतो. उन्हे चढली की तोच रस फेसाळतो, आंबतो, मादक होतो. एकाच मडक्यात हलाल आणि हराम यांच्यामध्ये काही तासांचेच अंतर.

हे अंतर मुस्लिम धर्मशास्त्राला नवे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी सकाळी भिजवलेल्या खजुराचे पाणी रात्री आणि रात्री भिजवलेले सकाळी दिले जाई, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये तर आणखी बोलका प्रसंग आहे. हजरत उमर (रजि.) शामला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी हवापाणी मानवत नसल्याची तक्रार केली आणि द्राक्षाचा रस आटवून आणला. दोन भाग उडाले होते, एक उरला होता. उमर यांनी बोट बुडवून वर काढले, तशी तार लांबत आली. उंटाला लावायच्या लेपासारखे हे आहे, म्हणून त्यांनी ते पिण्यास परवानगी दिली. उबादा बिन सामित (रजि.) यांनी जागीच हरकत घेतली, की आपण दारूच हलाल केलीत. उमर यांनी ते साफ नाकारले. (द्राक्षांच्या नाशकात हा प्रसंग खरे तर जास्त ठाऊक असायला हवा.) वाद होता तो रसाच्या अवस्थेवर. वेलीला कोणी दोष दिला नाही.

नीरेचेही तसेच. शेंड्याखाली खोडाची एक बाजू तासायची, बांबूची पन्हळ ठोकायची, आतून चुना लावलेले मडके रात्री बांधायचे. चुन्यामुळे रस आंबत नाही. सूर्य वर यायच्या आत तो चुलीवर चढवला की आधी काकवी होते, पुढे गूळ. कॅनडात अंगणातल्या मेपलचा रस असाच आटवतात. तिथे साधारण चाळीस लिटरांचे एक लिटर होते. शिंदीच्या रसात साखर त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सरपणही कमी लागते.

मग हे घरोघरी का झाले नाही? १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने परवान्याशिवाय झाडाला चीर पाडायला मनाई केली. झाड तुमच्या बांधावरचे असले तरी रस काढायचा तर सरकारला पैसे भरायचे. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या धोरणात महसूल आधी होता. कोण गूळ करतो आणि कोण ताडी विकतो, हे पाहत बसण्याची त्यात सोय नव्हती. पैसे भरून चीर पाडायची, तर माणूस जे जास्त दराने विकले जाते तेच विकणार. माझ्या मते शिंदीला बदनाम केले ते पिणाऱ्यांइतकेच या हिशेबाने.

उलट प्रयत्न वर्ध्यात झाला. १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले. गांधीजींनाही तो पटला: दारूबंदीने बेकार होणाऱ्या रस काढणाऱ्यांच्या हाताला तेच काम राहते, फक्त मडक्यातली वस्तू बदलते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातली ताडीची व्याख्या मुद्दाम वाचावी. आंबलेला असो वा न आंबलेला, ताड, माड, खजूर यांचा रस म्हणजे ताडी! नीरेचा उल्लेख आहे, पण तीही परवान्याच्या दावणीलाच. इंग्रजाला महसूल हवा होता, आपल्याला दारूबंदी. चीर पाडणारा दोन्ही वेळा संशयितच राहिला.

बंगालमध्ये हिवाळा आला की हिंदू-मुसलमान दोघेही याच झाडावर चढतात आणि खजुराचा गूळ बाजारात येतो. दरवर्षी तासून तासून तिथल्या खोडांवर खाचांच्या पायऱ्या पडलेल्या असतात. आपल्याकडे शिंदीची पाने उतरतात. त्यांच्या केरसुण्या होतात आणि दिवाळीच्या बाजारात विकायला येतात.