बोडी : एका सुवर्णनगरातील गुन्हेगारी आणि दैनंदिन जीवन

अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणनगर म्हटले की पिस्तुले, मद्यालये आणि बेबंदशाही असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हॉलिवूडच्या चित्रपटांनी ते अधिकच गडद केले आहे. कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेजवळील बोडी या नगराचा इतिहास हे चित्र खोटे ठरवीत नाही, पण जसेच्या तसे स्वीकारूही देत नाही.

येथे १८५९ मध्ये सोने सापडले. खरी भरभराट मात्र १८८० च्या सुमाराची. आठ हजार फुटांहून अधिक उंचीवरील हे पठार वृक्षहीन होते. सरपण आणि खाणीतील आधाराचे लाकूडही दुरून आणावे लागे व त्यासाठी १८८१ मध्ये रेल्वेमार्ग घालण्यात आला. खाणकामगारास दिवसाला चार डॉलर मजुरी मिळे. वस्तीत एकट्या तरुण पुरुषांचा भरणा असल्याने कडाक्याच्या थंडीत ऊब, सोबत व जुगार यांचे ठिकाण एकच, ते म्हणजे मद्यालय. बहुतेक खुनांची उगमस्थानेही तीच.

रॉजर मॅकग्रा यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात बोडीतील गुन्ह्यांची मोजदाद केली आहे. सुमारे पाच हजार वस्तीच्या या नगरात खुनांचे वार्षिक प्रमाण लाखामागे ११६ इतके भरते. याउलट, भरभराटीच्या वर्षांत व्यक्तींना लुटण्याच्या घटना अवघ्या १०, टपालगाड्या अडविण्याच्या ११ आणि घरफोड्या ३२. रॉबर्ट डायक्स्ट्रा यांनी अशा दरांवर आक्षेप घेतला आहे : लोकसंख्या लहान असता मोजके खूनही दर प्रचंड फुगवितात. आक्षेप रास्त आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते दरापेक्षा बळी कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मारणारे व मरणारे बहुधा सशस्त्र, मद्यधुंद आणि भांडणास स्वेच्छेने उभे राहिलेले पुरुष होते. ज्यूरी आत्मसंरक्षणाचा बचाव सहज मान्य करी व आरोपी सुटत.

या सुरक्षिततेस मर्यादा होत्याच. प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या स्त्रियांना जो मान मिळे, तो वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या वाट्यास येत नसे; त्यांना झालेली मारहाण न्यायालये किरकोळ समजत. चिनी वस्तीतील गुन्ह्यांची माहितीही आपणांस बव्हंशी गोऱ्यांच्या वृत्तपत्रांतूनच मिळते. त्यामुळे वरील आकडे संपूर्ण नगराचे मानणे धाडसाचे होईल.

जानेवारी १८८१ मधील एक घटना या संदर्भात बोलकी आहे. नाचाच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्या एका बेसावध इसमास मागून गोळी घालून ठार करण्यात आले. संशयित पहाऱ्यातून निसटला व पुन्हा पकडला गेला. तेव्हा '६०१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंनियुक्त दक्षता मंडळाने त्यास कोठडीतून बाहेर काढून फाशी दिली. समोरासमोरच्या झुंजीतील खुन्यांना एरवी निर्दोष सोडणाऱ्या या नगराला मरणाऱ्याने झुंज पत्करलेलीच नव्हती, एवढी एक गोष्ट सहन झाली नाही.