कालचा पाऊस, उद्याचं पीक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं पिकाच्या उताऱ्यावर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न आमच्याच घरातला आहे. काल जे घडलं त्यावरून उद्याचं सांगता येतं का? ह्यूमनं हा प्रश्न अठराव्या शतकात विचारला. आपल्या चार्वाकांनी त्याच्या कितीतरी आधी. धूर तिथे अग्नी, ठीक आहे. पण सगळ्या जागी, सगळ्या काळी हे तपासलंय कोणी?

आता इतिहास बघू. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खननं सोसला. हवामान खातं नुकतंच, १८७५ मध्ये स्थापन झालं होतं. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडलं की मोसमी पाऊस कमी, असा संबंध त्यांना दिसला आणि १८८६ पासून अधिकृत अंदाज सुरू झाले. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या नोंदींतून पावसाशी जुळणारे आकडे शोधले.

इकडे इंग्लंडात रॉथमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू होता. १९२४ मध्ये रोनाल्ड फिशरनं तिथला पाऊस आणि गव्हाचा उतारा यांचं नातं मांडलं. आणि १९३२ मध्ये आपल्या पुण्यात एल. ए. रामदासांनी कृषी हवामानशास्त्राचं काम उभं केलं.

या सगळ्यांचा भरवसा एकच: निसर्गाचा स्वभाव बदलत नाही. पण हवामानबदल म्हणजे तोच स्वभाव बदलणं! जुन्या नोंदी खोट्या नाहीत हो, पण साक्षीदार आता दुसऱ्याच गावचा झाला. १९९७ चंच बघा. एल निन्यो जबरदस्त होता, दुष्काळ पडणार असं अनेकांना वाटलं, आणि पाऊस सरासरीइतका झाला.

मग शास्त्रज्ञांनी वाट बदलली. नुसत्या जुळणीऐवजी कारण धरलं. पान ऊन किती घेतं, मुळं पाणी किती ओढतात, उन्हाळा वाढला की दाणा भरायचे दिवस किती घटतात, याचं गणित संगणकावर मांडलं. तिथेही ठेच लागलीच. कार्बन डायऑक्साइड वाढला की पीक जोमानं वाढतं, हे बंदिस्त जागेतल्या प्रयोगांत दिसलं होतं. उघड्या शेतात तो वायू सोडून पाहिलं, तर फायदा जवळपास निम्माच निघाला.

२०१७ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. तापमान एक अंशानं वाढलं तर जगाचा सरासरी उतारा गव्हात सुमारे ६, मक्यात ७ आणि भातात ३ टक्के घटतो. पण त्यात एक मोठा 'जर' आहे: वाढीव वायूचा फायदा धरला नाही, नवं वाण आलं नाही आणि शेतकऱ्यानं काहीच बदललं नाही, तर!

तो 'जर' विसरू नका. ज्योतिषी सांगतो, असं होणार. शास्त्र सांगतं, असंच चालू ठेवलंत तर असं होईल. म्हणून आपण वेळीच सावध झालो आणि अंदाज चुकला, तर ते त्याचं यशच म्हणायचं.

मात्र एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आपली चूक झाली तर आपण नवा लेख लिहितो. कोरडवाहू शेतकऱ्याचं बियाणं एकदा मातीत गेलं की गेलं. तेव्हा आकडा सांगताना त्याची खात्री किती, हेही सांगणं ही नुसती शास्त्राची शिस्त नाही, ती नीती आहे.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.