पांढऱ्या जेलची गोष्ट : पुरावा, दोष आणि घटक



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझी जवळजवळ तीन महिन्यांची रीडिंग्ज वाया गेली. पावडर त्याच बाटलीतली, वजन तेच, तरी एक जेल दुधासारखं पांढरं आणि दुसरं ताकाच्या निवळीसारखं! वही उघडली तर त्यात लिहिलेलं : ‘रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले.’ रात्रभर म्हणजे किती तास? कुठल्या कप्प्यात? बाहेर काढल्यावर कसं वितळलं? एकाचंही उत्तर नव्हतं. मग मी जुने पेपर काढून बसले. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी थोडी ओळख. शरीरातल्या उतींसारखाच प्रकाश विखुरणारा नकली नमुना म्हणजे फॅन्टम. नवं उपकरण रुग्णावर वापरण्याआधी त्यावर तपासतात. एरवी जेलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पूड किंवा इंट्रालिपिड (शिरेतून देतात ते पांढरं स्निग्ध द्रावण) मिसळून ते गढूळ करतात. पण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, काहीही न मिसळता पांढरं होतं. पाण्यातलं द्रावण गोठवायचं आणि वितळवायचं, बस्स.

१९७५ मध्ये निकोलस पेपास यांनी हेच केलं. २.५ ते १५ टक्क्यांची द्रावणं उणे २० अंशांवर गोठवली, वितळवली आणि आरपार किती प्रकाश जातो ते मोजलं. गोठवण्याचा वेळ वाढवला की गढूळपणा वाढायचा. त्यांच्यासाठी हा गढूळपणा म्हणजे आत पॉलिमरचे बारीक स्फटिक तयार झाल्याचा पुरावा होता. लक्षात घ्या, गोठवण्याचा आणि वितळवण्याचा वेळ ही इथे पेपरच्या कोपऱ्यातली किरकोळ माहिती नाही. प्रयोगच त्यावर उभा आहे.

१९८९ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या ह्योन, चा आणि इकादा यांच्यासाठी तोच पांढरेपणा दोष ठरला. कॉन्टॅक्ट लेन्ससारख्या कामाला पांढरं जेल काय कामाचं? त्यांनी नुसत्या पाण्याऐवजी पाणी आणि डीएमएसओ यांचं मिश्र द्रावक घेतलं. पॉलिमर तोच, थंडावाही दिला, पण जेल पारदर्शक!

असं का? पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक पॉलिमरला बाजूला ढकलतात. तो मधल्या फटींत दाटतो, तिथे त्याच्या साखळ्या एकमेकींना धरतात. बर्फ वितळला की पाण्याने भरलेली छिद्रं आणि दाट भिंती उरतात. दोन्हींचा अपवर्तनांक वेगळा, शिवाय छिद्रांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास किंवा त्याहून मोठा. त्यामुळे प्रकाश जोरात विखुरतो. डीएमएसओ पुरेसं असेल तर मिश्रण त्या तापमानाला गोठतच नाही. बर्फ नाही, म्हणून मोठी छिद्रं नाहीत, म्हणून विकिरणही फारसं नाही.

२००३ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने स्तनाच्या फोटोअकूस्टिक तपासणीसाठी पीव्हीएचे फॅन्टम बनवले. आता गढूळपणा हा हवाहवासा घटक झाला! स्तनाच्या उतीसारखं विकिरण मिळवायला गोठवणं-वितळवणं हेच साधन वापरलं.

म्हणजे बघा, पदार्थ एकच. पण पेपास यांना जे मोजायचं होतं, ते क्योतोवाल्यांना घालवायचं होतं आणि ट्वेंटेवाल्यांना हवं तेवढंच आणायचं होतं. तिघांनीही कृतीतल्या अटी हातात धरल्या, म्हणून तिघांनाही उत्तर मिळालं. मी त्या ‘रात्रभर’ या एका शब्दात गुंडाळल्या, म्हणून माझ्याकडे दोन जेल होती आणि निष्कर्ष शून्य.

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर पहिल्या दिवसापासून एवढं लिहा : टक्केवारी, पॉलिमरचा रेणुभार, साच्याची जाडी, गोठवण्याचं तापमान आणि तास, वितळवण्याचा वेग, चक्रांची संख्या. जाड साचा आतून उशिरा गोठतो, त्यामुळे एकाच जेलच्या कडेला आणि मध्यभागी वेगळं रीडिंग येऊ शकतं. दोन्हीकडे मोजा.

आणि जुना पेपर वाचताना आधी कृतीचा भाग वाचा. निष्कर्ष तर आपण सगळेच वाचतो!