लोहगावच्या आकाशातली रांग

पश्चिमेचा वारा असला की पुण्याच्या लोहगाव विमानतळावर येणारी विमानं पूर्वेकडून उतरतात. वाघोली-केसनंदच्या बाजूनं सरळ रेषेत, दर किलोमीटरला साधारण पन्नास मीटर उंची सोडत ती धावपट्टीकडे येतात. कोरेगाव भीमा या रेषेच्या उत्तरेला पडतं. गर्दीच्या वेळी, अंधार पडल्यावर तिथून दक्षिणेकडं पाहिलं तर एकामागून एक दिवे सरकताना दिसतात. दोन दिव्यांमधली मोकळी जागा कुणीतरी मोजून राखलेली असते. ती किती असावी हे ठरायला अनेक दशकं लागली, आणि त्यातले काही नियम माणसं गेल्यावरच झाले.

सुरुवातीला अंतर राखायची वेळच येत नव्हती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई. मग टाटांचा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा: दोन पुस मॉथ, एक लेपर्ड मॉथ, तीन वैमानिक आणि मोजके मेकॅनिक. उतरायला मिळालं होतं येरवडा तुरुंगाच्या सावलीतलं एक मैदान. पुण्याच्या विमानवाहतुकीचा हा अध्याय लोहगावच्याही आधीचा आहे. पुणेकरांना तो फारसा ठाऊक नसावा, ही खेदाची गोष्ट आहे. त्या काळी मैदान मोकळं आहे का, वारा कुठून वाहतोय, हे वैमानिक वरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यायचा आणि उतरायचा.

लोहगावचा तळ 1939 मध्ये उभा राहिला, तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. तोवर अमेरिकेत विमानांची गर्दी सुरू झाली होती. डिसेंबर 1935 मध्ये न्यूअर्कला विमान कंपन्यांनीच पुढाकार घेऊन पहिलं नियंत्रण केंद्र उघडलं. टेबलावर नकाशा, नकाशावर प्रत्येक विमानासाठी एक छोटी खूण, आणि वैमानिकांकडून कळेल तशी ती खूण पुढं सरकवायची. अंतर तेव्हा मैलांत मोजत नसत. एक विमान ठरलेल्या ठिकाणावरून गेलं की दुसऱ्यानं तिथं किती मिनिटांनी यायचं, असा हिशोब असे. उतरायला उशीर असला तर विमानं रेडिओ-बीकनभोवती घिरट्या घालत थांबायची, एकावर एक, प्रत्येकी हजार फुटांच्या फरकानं. सगळ्यात खालचं उतरलं की बाकीची एकेक मजला खाली यायची.

ही पद्धत भक्कम होती, पण तिचा सगळा भार वैमानिकाच्या शब्दावर होता. तो जिथं आहे म्हणेल, तिथं तो आहे असं धरूनच पुढचं सगळं चालायचं.

हे किती धोक्याचं ठरू शकतं, ते पुणे जिल्ह्यानंच पाहिलं. 7 जुलै 1962. मध्यरात्र नुकतीच उलटलेली, पावसाळ्याचे दिवस. सिडनीहून बँकॉकमार्गे मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-8 विमान सांताक्रूझच्या धावपट्टीवर पूर्वेकडून थेट उतरायच्या बेतात होतं. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकांचा समज होता. प्रत्यक्षात विमान जुन्नरच्या डोंगराळ मुलखावर होतं, विमानतळापासून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर. ते उंची सोडत गेलं आणि दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. आतले सगळे, 94 जण, गेले. आपल्या जागेचा चुकलेला अंदाज, वेळेआधी सोडलेली उंची, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचं उल्लंघन, अशी कारणं चौकशीत पुढं आली. आसपास दुसरं विमान असण्याचा प्रश्नच नव्हता. अंतर राखायचं होतं ते सह्याद्रीशी. म्हणून विमानांमधल्या अंतराच्या इतिहासात जुन्नरचं नाव घेतलंच पाहिजे, कारण रांगेत शिस्तीनं उभं राहण्याआधी आपण कुठं आहोत हे नक्की कळावं लागतं.

ते कळण्याची सोय रडारनं केली. दुसऱ्या महायुद्धात पुढं आलेलं हे तंत्र नागरी विमानतळांवर रुळलं, तसा मिनिटांचा हिशोब मैलांवर आला. रडारवर दोन्ही विमानं नीट दिसत असतील तर विमानतळाजवळ तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर पुरतात. ताशी अडीचशे किलोमीटरनं उतरणाऱ्या विमानाला तेवढं अंतर कापायला ऐंशी सेकंद लागतात. पुढचं विमान उतरून धावपट्टीबाहेर वळेपर्यंतची सवड यातूनच काढायची असते. ते वेळेत वळलं नाही, तर मागच्याला पुन्हा वर जाऊन फेरी मारून यावं लागतं.

18 एप्रिल 1971 ला एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट, ‘एम्परर अशोक’, मुंबईत दाखल झालं. जंबोसारख्या अवजड विमानांमुळे अंतराच्या गणितात वजन शिरलं. विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात आणि मागं मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, तरंगत खाली सरकत राहतात. मोठ्या बोटीमागून जाणारी होडी लाटांत डुचमळते, तसं लहान विमान या भोवऱ्यांत उलटंपालटं होऊ शकतं, आणि जमीन जवळ असली तर सावरायला वाव नसतो. म्हणून विमानांचे वजनी वर्ग पडले. जंबोच्या मागं मध्यम वजनाचं विमान असेल तर तीनऐवजी पाच मैल. पुढं ए-380 आलं, तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यांच्या वरचा वेगळा वर्ग करावा लागला.

भारतातला सगळ्यात कटू धडा 12 नोव्हेंबर 1996 चा. दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन चरखी दादरीवर समोरासमोर धडकली. 349 माणसं गेली. इल्युशिनला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, जंबोला 14,000 वर. इल्युशिन त्याखाली उतरलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, त्याची उंची दिसत नसे. शिवाय येण्याजाण्याची वाट एकच होती. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं आणि विमानांतच धडकेचा इशारा देणारं उपकरण सक्तीचं झालं. यातलं बरंचसं तंत्र आधीपासून उपलब्ध होतं. आपण ते बसवायला उशीर केला, हे स्वच्छ शब्दांत नोंदवायला हवं.

लोहगावची गोष्ट आणखी वेगळी. इथला टॉवर हवाई दलाचा आहे. सुखोई-30 जातीची विमानं भारतात पहिल्यांदा दलात आली ती याच तळावर, 1997 मध्ये. लढाऊ विमान वेगानं येतं, बऱ्याचदा जोडीनं येतं, आणि इंधन बेताचं असल्यानं त्याला फार वेळ ताटकळत ठेवता येत नाही. त्याच्या मागंपुढं दीड-दोनशे प्रवाशांचं विमान बसवायचं, तेही एकाच, सुमारे अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर. दिल्ली-बंगळूरहून येणाऱ्या प्रवाशाला पुण्यावर आल्यानंतरही खिडकीतून तेच शेत दोनदा दिसतं, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. हे जमवून आणणाऱ्या नियंत्रकांचं नाव कुठंही येत नाही, आणि त्यांचं काम चोख झालं की कुणाला काही कळतही नाही.

जुलै 2024 मध्ये लोहगावचं नवं टर्मिनल सुरू झालं. धावपट्टी एकच राहिली. मुंबईनं 2018 च्या जूनमध्ये एका दिवसात हजारावर उड्डाणं-आगमनं हाताळली, तिथंही दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे मुख्यतः एकच कामी येते. पण मुंबईच्या धावपट्टीवर लढाऊ विमानांचा तळ नाही. पुण्यातली चर्चा मात्र पार्किंग, रस्ते आणि टर्मिनलच्या काचांभोवती फिरते. विमानांची संख्या ठरते ती पूर्वेच्या त्या रेषेवर किती विमानं सुरक्षितपणे बसतात यावर. पुरंदरचा प्रस्तावित विमानतळ झालाच, तर तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना लोहगावच्या सुखोईंपासून वेगळी वाट आखून द्यावी लागेल. ती आखणी जमीन मोजण्याइतक्याच बारकाईनं, आणि हवाई दलाच्या संमतीनंच करावी लागेल.