मोठा आवाज आणि चांगला आवाज : व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची गोष्ट, दशावतारापासून बेंजोपर्यंत

#थ्रेड

१/ सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार उभा राहतो तो मध्यरात्रीच्या सुमारास, पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर. मृदंग, झांज आणि पायपेटी एवढ्याच वाद्यांच्या साथीने नट पहाटेपर्यंत गाव जागा ठेवतात. आज रंगमंचावर माईक टांगलेले असतात. पूर्वी ते नव्हते, तरी शेवटच्या प्रेक्षकाला पद ऐकू येत असे. ते कसे?

२/ उत्तर आपल्या कानात आहे. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. चढ्या पट्टीतला मोकळा गळा, पेटीच्या पितळी पट्ट्या आणि झांज यांचे उपस्वर नेमके तिथवर पोहोचतात. म्हणजे आवाज दूर जातो तो केवळ जोराने नव्हे. त्याच्या घडणीमुळेही जातो. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

३/ १९०४ साली जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची निर्वात नळी घडवली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र बसवले, ती जाळी. तापलेल्या अग्राकडून इलेक्ट्रॉन पट्टीकडे धावतात आणि वाटेतली जाळी पाटाच्या दारासारखी काम करते. दार किंचित हलवले की मोठा प्रवाह कमीजास्त होतो. दुबळ्या संकेताचा बलवान संकेत होतो. हाच व्हॉल्व्ह.

४/ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे सभांमध्ये ध्वनिवर्धक आले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’ची हाक लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा मोटवाने यांच्या शिकागो रेडिओची होती. तिथे अपेक्षा एकच होती : शब्द जसा उच्चारला तसाच, फक्त मोठा होऊन, शेवटच्या माणसाला ऐकू यावा.

५/ गिटारचे दुखणे त्याहून साधे होते. जॅझ वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज विरून जाई. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही विजेची गिटार बाजारात आणली. तारेची थरथर चुंबकाभोवतीच्या वेटोळ्याने टिपायची आणि व्हॉल्व्हच्या पेटीतून मोठी करायची. चार्ली ख्रिश्चन यांनी तिला एकल वाद्याचा मान मिळवून दिला.

६/ पण व्हॉल्व्हलाही मर्यादा असते. संकेत तिच्यापलीकडे गेला की लहरीचे माथे चेपले जातात. या विकृतीतून मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्मतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मध्य षड्ज छेडला असता दुपटीच्या कंपनाचा तार षड्ज, तिपटीचा तार पंचम आणि पाचपटीचा अतितार गंधार अधिक ठळक होतात. अभियंत्यांच्या लेखी हा दोषच होता.

७/ १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. प्रवासात गिटारच्या ॲम्प्लिफायरला इजा झाली होती आणि स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगितले जाते. त्या तबकडीवरचा घोगरा, गुरगुरणारा नाद लोकांना आवडला. दोषाला प्रथमच चाहते मिळू लागले होते.

८/ फेंडर कंपनीचा १९५९ चा ‘बेसमन’ मुळात बेस गिटारसाठी होता. गिटारवादकांनी तो आपलासा केला. लंडनमधले वाद्यविक्रेते जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास त्याच्याच आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयल यांच्या अल्बमसाठी मार्शल कमालीच्या मोठ्या आवाजात वाजवला. गिटारला दीर्घ, गाता स्वर मिळाला.

९/ हा बिघाड गोड का लागतो? कारण व्हॉल्व्ह सहसा हळूहळू हार मानतो. लहरीचे माथे गोलाईने दबतात आणि हलक्या हाताने छेडले तर पुन्हा मूळ आकारात येतात. साध्या ट्रान्झिस्टर मंडलात तेच माथे सुरीने कापल्यासारखे सपाट होतात आणि नाद कर्कश वाटतो. व्हॉल्व्हची पेटी वादकाच्या बोटांना उत्तर देते, म्हणून ती वाद्याचाच भाग ठरते.

१०/ आपल्याला हे नवीन वाटू नये. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि तिथे तंबोऱ्याची परंपरा उभी राहिली. तिचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा किंचित उतरता घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, की तार घोडीला अलगद स्पर्शत झणझणते आणि उपस्वरांचे मोहोळ उठते.

११/ १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या नादावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा टॉमस यंग यांचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो मोडतात, आणि याचे कारण घोडीच्या घडणीत आहे, हे त्यांनी दाखवले. मिरजेच्या कारागिराची कानस आणि गिटारवादकाची व्हॉल्व्हवरची हुकमत एकाच जातीची : उपस्वर किती जागवायचे, याचा विवेक.

१२/ आता व्यवहार. ५० वॉटऐवजी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला तर फरक पडतो अवघा ३ डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यामुळे छोट्या सभागृहात १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपर्यंत नेणे हे १०० वॉटचा पेंगत ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे. गोडवा त्या सीमारेषेवर राहतो.

१३/ दुसरी गोष्ट : ॲम्प्लिफायर सीमेवर ठेवून गिटारचा स्वतःचा आवाज कमी करा, नाद निवळतो. वाढवा, तो पेटतो. तिसरी : गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने क्षीण होतो, म्हणून विकृतीची किरकिर गाळली जाते. चौथी : विकृत नादात गंधारासह पूर्ण कॉर्ड गढूळ होतो, षड्ज-पंचम मात्र स्वच्छ राहतात. रॉक गिटारवादक या जोडीवर इतके का विसंबतात, ते यातून कळेल.

१४/ एक इशारा. या पेटीत ३०० ते ४५० व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. मालवणसारख्या किनाऱ्यावर खारी हवा सॉकेटच्या पिना गंजवते. खरखर ऐकू आली की आधी तिथे संशय घ्यावा. पण पेटी उघडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

१५/ गिटारचे एक भावंड आपल्या रस्त्यावरही आहे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले तंतुवाद्य घडवले, ते ‘ताइशोगोतो’. भारतात ते बुलबुलतरंग झाले आणि मुंबई-कोकणात बेंजो. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (१ मे १९८१ रोजी त्यातूनच सिंधुदुर्ग वेगळा झाला) गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांच्या वस्त्यांत, गणपतीत आणि हळदीत, बेंजो पार्टी वाजू लागली.

१६/ मिरवणुकीत ताशांपुढे तारेचा निभाव लागणार कसा? म्हणून बेंजोला पिकअप लागला आणि तो कर्ण्यांतून गाऊ लागला. कर्णा खर्ज देत नाही, पण कानाला तीक्ष्ण वाटणारा पट्टा पुढे फेकतो. बेंजोच्या सुरावटीच्या तारा एकाच स्वरात किंवा सप्तकाच्या अंतराने लावतात. कॉर्डचा प्रश्नच नाही. म्हणून ॲम्प्लिफायर थकला तरी सूर गढूळ होत नाही, उलट धारदार होतो. दशावतारी गळ्याचे सूत्र इथे पुन्हा भेटते.

१७/ आज त्याच रस्त्यांवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भिंत छातीला हादरवते, पण तिच्या शेजारी बेंजोची तान कुणाला ऐकू येणार? आवाज मोठा करण्याची शक्ती विकत मिळते. तो चांगला करण्याची कला मिरजेच्या कारागिराने, दशावतारी नटाने, बेंजोवाल्याने कानाने कमावली. कान बधिर झाले, तर ती पुढच्या पिढीकडे सोपवणार कोण?