पोटातील साक्षीदार



‘ओठांत एक आणि पोटात एक’ ही म्हण आपण माणसाच्या मनाविषयी वापरतो. वैद्याच्या लेखी ती अक्षरशः खरी असते. रोगी बोलतो ते ऐकता येते, नाडी हाताला लागते, जीभ डोळ्यांना दिसते. पोटात काय चालले आहे हे मात्र शतकानुशतके तर्कानेच ओळखावे लागे. हे पोट बोलके कसे झाले, आणि ते बोलू लागल्यावर कोणता नवा प्रश्न उभा राहिला, हा आजचा विषय आहे.

पोटाची पहिली खिडकी अपघाताने उघडली. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांकडे राबणाऱ्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनेडियन तरुणाला चुकून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले. पण जखम पुरती बुजली नाही, थेट जठरात जाणारे एक भोक राहून गेले. रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्यातून आत सोडावेत, ठराविक वेळाने ओढून पाहावेत, अशा प्रयोगांतून बोमाँट यांनी जठररसाचे कार्य उलगडले आणि १८३३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पण सेंट मार्टिनचे काय? प्रयोगांना कंटाळून १८२५ साली तो न सांगता कॅनडात निघून गेला. पुढे समजावून, करारपत्रे करून त्याला परत आणावे लागले. १८८० साली तो वारला, तेव्हा देह डॉक्टरांच्या हाती पडू नये म्हणून घरच्यांनी तो मुद्दाम खोल पुरला. शास्त्राला खिडकी हवी होती. ज्याच्या पोटाला ती पडली होती त्याला ती नको होती. हा तिढा ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

भोकावाचून पोटात शिरण्याचा मार्ग ट्रान्झिस्टरने दाखविला. १९४७ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला आणि दहा वर्षांतच बोटाच्या पेराएवढ्या कुपीत रेडिओचे प्रक्षेपण यंत्र मावू लागले. १९५७ साली स्टॉकहोममध्ये मॅके व याकोब्सन यांनी, तर न्यूयॉर्कमध्ये डॉ. फॅरार आणि दूरचित्रवाणीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेले झ्वोरिकिन यांनी अशा गिळण्याच्या कुप्या सिद्ध केल्या. आतड्याचा दाब बदलला की कुपीतून निघणाऱ्या लहरींची कंप्रता बदले, आणि शरीराबाहेरचे यंत्र ती टिपून घेई. काम संपले की कुपी निसर्गक्रमाने बाहेर पडे.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. शरीराचे तापमान सांगणारी गोळी निघाली. १९९८ साली ७७ वर्षांचे जॉन ग्लेन अंतराळात पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी तीच गिळली होती. इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इडान यांच्या कल्पनेतून कॅमेऱ्याची कुपी जन्मली व २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. लहान आतड्याचा बहुतेक भाग असा की, तिथे तोंडाकडून वा गुदद्वाराकडून घातलेली नळी सहसा पोहोचत नसे. तिथून ही कुपी सेकंदाला दोन छायाचित्रे पाठवू लागली आणि गुप्त रक्तस्रावाची ठिकाणे सापडू लागली.

येथवर प्रश्न एकच होता : पोट कसे आहे? आता दुसरा आला : रोग्याने औषध घेतले का? हा प्रश्नही जुनाच. रोगी औषध न घेता ‘घेतले’ म्हणतात, सावध राहा, असा इशारा हिपॉक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक ग्रंथांत आढळतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग्यांना घरी ठेवून उपचार करण्याचा प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला, तेव्हाही अवचित घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत, लघवी तपासावी लागे. दीर्घ आजारात प्रगत देशांतही सरासरी निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली नमूद केले.

प्रोटिअस या अमेरिकन कंपनीने यावर काढलेली युक्ती मोठी चतुर होती. वाळूच्या कणाएवढी सिलिकॉनची चकती, तिच्या एका अंगाला मॅग्नेशियम, दुसऱ्या अंगाला तांब्याचे संयुग. लिंबात दोन धातूंच्या पट्ट्या खोचल्या की वीज निर्माण होते, हा शाळेतला प्रयोग आपण जाणता. इथे लिंबाची जागा जठररसाने घेतली. चकतीला वेगळा विद्युत्घट नको. ओली झाली की काही मिनिटे संकेत देते, पोटावर चिकटविलेली पट्टी तो टिपते आणि फोनवर नोंद होते. २०१२ साली या चकतीला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि १३ नोव्हेंबर २०१७ रोजी ती बसविलेल्या पहिल्या औषधालाही.

ते औषध कोणते? ॲरिपिप्रॅझोल. स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवरचे! ज्या विकारात ‘माझ्यावर कुणी पाळत ठेवते आहे’ हा भ्रम कित्येकांना छळतो, त्याच विकाराच्या गोळीत नोंद ठेवणारा पहारेकरी बसला. माहिती कोणाला द्यावी हे ठरविण्याचा हक्क रोग्याकडेच ठेवला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण या गोळीमुळे रोगी अधिक नियमाने औषध घेतात असे सिद्ध झालेले नाही, हे मान्यता देणाऱ्या खात्यानेच तेव्हा स्पष्ट केले होते. २०२० साली प्रोटिअसचे दिवाळे वाजले.

मग ही विद्या फुकट गेली का? तसे मी म्हणणार नाही. २०१९ साली कॅलिफोर्नियातील क्षयरोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवकासमक्ष औषध देण्याच्या पद्धतीत ६३ टक्के मात्रांची खात्री पटे. चकतीने ती ९३ टक्क्यांची पटली, कारण तिला सुट्टीचा वार नव्हता. रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, रोज कुणासमोर बसून गोळी गिळण्याची सक्ती टळली. तीच चकती, एके ठिकाणी पहारा वाटावी अशी, दुसरीकडे पहाऱ्यातून सोडविणारी.

गोळी पोटात पोहोचली, एवढीच साक्ष हे यंत्र देऊ शकते. ती का पोहोचली नाही, हे त्याला ठाऊक नसते. औषध महाग होते, त्याने मळमळत होते, की आता बरे वाटते म्हणून सोडले, हे रोग्याच्या तोंडूनच कळायचे. आणि विश्वास असल्यावाचून तो ते सांगत नाही. म्हणून उद्या अशी गोळी आपल्यापैकी कोणापुढे आली, तर तिची नोंद कोण पाहणार आणि कशासाठी, हे आधी विचारावे, आणि समाधान झाले तरच ती घ्यावी. सेंट मार्टिनला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती; आपल्याला आहे.